संगणक-शंका : शेलने कोणती फाइल वाचली, हे कसे ओळखावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. शेल, म्हणजे आपण टंकित केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम (बॅश आणि झेडशेल हे त्याचे दोन प्रकार), सुरू होताना कोणत्या फाइली वाचतो आणि हवी ती फाइल वाचली जात नसेल तर शोध कुठून सुरू करावा, हा तो विषय. आज्ञा आणि फाइलींची नावे आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतो. संगणकावर ती रोमन लहान अक्षरांत आणि व्हेरिएबलांची नावे मोठ्या अक्षरांत टंकित करावीत. फाइलीच्या नावाआधीचे टिंब हा नावाचाच भाग असतो आणि ~ हे चिन्ह आपली होम डिरेक्टरी दाखवते.

प्रश्न : माझ्या उबुंटू संगणकावर ~/.बॅशआरसी या फाइलीत मी काही अलियास (आज्ञांची छोटी नावे) लिहून ठेवले आहेत आणि प्रॉम्प्टचा रंगही बदलला आहे. संगणकासमोर बसून टर्मिनल उघडले की सर्व व्यवस्थित चालते. परंतु लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, त्याच संगणकावर आलो की एकही अलियास सापडत नाही आणि प्रॉम्प्टही साधा दिसतो. पूर्वी दोन्हीकडे चालत असे. मधल्या काळात एका प्रोग्रॅमिंग भाषेचा इंस्टॉलर चालवला, एवढाच बदल झाला. .बॅशआरसी पुन्हा नव्याने लिहून पाहिली, तरी फरक पडला नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण वड्याचे तेल वांग्यावर काढत आहात. .बॅशआरसीमध्ये दोष असता तर संगणकासमोर बसल्यावरही तो दिसला असता. एसएसएचने आल्यावर ती फाइल वाचलीच जात नाही, आणि याचे कारण बहुधा त्या इंस्टॉलरने आपल्या होम डिरेक्टरीत नव्याने निर्माण केलेली ~/.बॅश_प्रोफाइल ही फाइल आहे. 'एलएस -ए ~' ही आज्ञा देऊन ती तेथे आहे का, हे आधी पाहावे.

एका फाइलीच्या येण्याने दुसरी वाचली जाणे कसे थांबते, हे समजण्यासाठी बॅशची रीत लक्षात घ्यावी लागेल. सुरू होताना बॅश स्वतःविषयी दोन गोष्टी ठरवतो : आपण लॉगिन शेल (लॉगिन केल्यावर सत्राच्या आरंभी मिळणारा शेल) आहोत का, आणि आपण संवादी म्हणजे इंटरॅक्टिव्ह शेल (माणसाकडून एकेक आज्ञा घेणारा) आहोत का. हे दोन प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि बहुतेक गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो. लॉगिन शेल असेल तर बॅश प्रथम /ईटीसी/प्रोफाइल ही सर्वांसाठीची फाइल वाचतो आणि नंतर होम डिरेक्टरीत .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल या तीन नावांचा याच क्रमाने शोध घेतो. यांपैकी वाचता येण्याजोगी जी पहिली सापडेल तेवढीच तो वाचतो. उरलेल्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. लॉगिन नसलेला परंतु संवादी शेल असेल तर ~/.बॅशआरसी वाचली जाते, आणि डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर तिच्याआधी /ईटीसी/बॅश.बॅशआरसी ही सामायिक फाइलही वाचली जाते. लॉगिनही नाही आणि संवादीही नाही, अशा शेलला, म्हणजे एखादी स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशला, बॅश_एन्व्ह या व्हेरिएबलमध्ये कोणी फाइलीचे नाव दिलेले नसेल तर यांपैकी कोणतीही फाइल लागत नाही.

आता आपल्या तक्रारीकडे वळू. उबुंटूवरील नेहमीची टर्मिनल खिडकी लॉगिन नसलेला संवादी शेल उघडते, म्हणून तेथे .बॅशआरसी सरळ वाचली जाते. एसएसएचने आल्यावर मात्र लॉगिन शेल मिळतो, आणि संवादी लॉगिन शेल .बॅशआरसी आपण होऊन वाचत नाही. तरीही पूर्वी ती वाचली जात होती, कारण उबुंटू प्रत्येक नव्या वापरकर्त्याला जी ~/.प्रोफाइल देते तिच्यात 'शेल बॅश असेल आणि .बॅशआरसी असेल तर ती वाच' अशा अर्थाच्या ओळी आधीपासून लिहिलेल्या असतात. ही सोय बॅशची नसून त्या वितरणाची आहे. इंस्टॉलरने .बॅश_प्रोफाइल निर्माण केली, तीन नावांच्या शोधात ती पहिली सापडली, .प्रोफाइल मागे पडली आणि तिच्याबरोबर .बॅशआरसीकडे जाणारा एकमेव रस्ताही बंद झाला. .प्रोफाइलमध्ये पाथमध्ये (प्रोग्रॅम ज्या डिरेक्टऱ्यांत शोधले जातात त्यांची यादी असलेल्या व्हेरिएबलमध्ये) ~/बिन आणि ~/.लोकल/बिन जोडणाऱ्या ओळीही असतात. त्यामुळे एसएसएचने आल्यावर स्वतः तेथे ठेवलेले प्रोग्रॅम सापडत नसतील, तर त्याचेही कारण हेच.

'पहिली सापडेल तेवढीच' हा नियम विचित्र वाटतो, पण तो निष्कारण आलेला नाही. .प्रोफाइल ही १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर आलेल्या बोर्न शेलची फाइल आहे आणि त्या घराण्यातील अनेक शेल ती वाचतात. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बॅश आणला तेव्हा फक्त बॅशला कळणाऱ्या ओळी वेगळ्या ठेवता याव्यात म्हणून स्वतंत्र नावाची सोय आवश्यक होती. ज्याला दोन्ही शेल वापरायचे आहेत त्याच्यासाठी ही व्यवस्था चांगली आहे. परंतु वापरकर्त्याला न विचारता .बॅश_प्रोफाइल निर्माण करणाऱ्या इंस्टॉलरांनी तिचे जे केले आहे, त्याला माझ्या मते बेफिकिरीच म्हणावे लागेल.

मी वर 'बहुधा' म्हटले आहे, कारण आपला संगणक माझ्यासमोर नाही. खात्री करण्यासाठी एसएसएचच्या सत्रातच शेलला विचारावे. 'शॉप्ट लॉगिन_शेल' या आज्ञेला (पहिला शब्द रोमन एस, एच, ओ, पी, टी) उत्तर म्हणून ऑन किंवा ऑफ मिळते. 'एको $-' या आज्ञेने जी अक्षरे छापली जातात त्यांत लहान रोमन आय असेल तर शेल संवादी आहे. पुष्कळ ठिकाणी 'एको $०' देऊन उत्तराच्या सुरुवातीला आडवी रेघ आहे का ते पाहावे, असे सांगितले जाते. ती रेघ असेल तर शेल लॉगिन आहे हे खरे. पण ती नसेल तर तो लॉगिन नाहीच असे ठरत नाही, कारण 'बॅश -एल' असे लिहून सुरू केलेल्या लॉगिन शेलच्या नावाआधी रेघ लागत नाही. म्हणून मी शॉप्टवरच भरवसा ठेवतो.

याहून पक्की पद्धत म्हणजे शेलला वाचत असलेली प्रत्येक ओळ, तिच्या फाइलीच्या नावासह, छापायला लावणे. त्यासाठी एकाच ओळीत पुढील आज्ञा द्यावी :

पीएस४='+ $बॅश_सोर्स:$लाइनएनओ: ' बॅश -एल -आय -एक्स -सी एक्झिट

यातील एक्समुळे शेल आपली प्रत्येक कृती छापतो आणि पीएस४मुळे त्या कृतीआधी फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक येतो. एकेरी अवतरणचिन्हेच वापरावीत. दुहेरी वापरली तर ती दोन नावे नव्या शेलमध्ये उलगडण्याऐवजी आपल्या चालू शेलमध्येच उलगडतील आणि सर्व ओळींपुढे एकच निरर्थक मजकूर दिसेल. बाहेर पडणारा मजकूर मोठा असतो व तो त्रुटींच्या प्रवाहातून येतो, म्हणून तो फाइलीत साठवून वाचणे बरे. आपल्या बाबतीत त्यात /ईटीसी/प्रोफाइलच्या ओळी दिसतील, .बॅश_प्रोफाइलच्या दिसतील आणि .प्रोफाइलची एकही दिसणार नाही. हीच आज्ञा एल वगळून दिली की टर्मिनल खिडकीतील शेल काय वाचतो ते कळते, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की वाद उरत नाही. लिनक्सवर स्ट्रेस हे साधन असेल तर 'स्ट्रेस -ई ट्रेस=ओपनॅट बॅश -एल -आय -सी एक्झिट' ही आज्ञा त्याही पुढची माहिती देते, कारण शेलने शोधलेल्या पण न सापडलेल्या फाइलींची नावेही तीत दिसतात.

तपासताना एक फसगत हमखास होते. टर्मिनलमध्येच 'बॅश -एल' लिहून नवा शेल सुरू केला आणि पाथ तपासला तर तो बरोबर दिसतो, आणि माणूस समजतो की फाइल वाचली गेली. प्रत्यक्षात पाथसारखी निर्यात केलेली व्हेरिएबले मूळ शेलकडून नव्या शेलला वारशाने मिळालेली असतात. फाइल वाचली गेली की नाही याचा त्यांवरून काहीच बोध होत नाही. अलियास मात्र वारशाने मिळत नाहीत. म्हणून 'पाथ आहे पण अलियास नाही' असे विपरीत चित्र दिसले की फाइल वाचली गेलेली नाही आणि पाथ उसना आहे, असा अर्थ प्रथम घ्यावा. निर्भेळ चाचणी हवी असेल तर 'एन्व्ह -आय होम=$होम टर्म=$टर्म बॅश -एल' अशी आज्ञा द्यावी; तिने जवळजवळ रिकाम्या परिसरात शेल सुरू होतो आणि जे दिसेल ते फाइलींतूनच आलेले असते.

आता उपाय. .बॅश_प्रोफाइल उघडून तिच्यात इंस्टॉलरने काय लिहिले आहे ते पाहावे. केवळ पाथमध्ये भर घालणाऱ्या साध्या ओळी असतील तर त्या ~/.प्रोफाइलच्या शेवटी हलवाव्यात आणि .बॅश_प्रोफाइलचे नाव बदलून ठेवावे. ती नुसती रिकामी करून भागणार नाही, कारण रिकामी फाइलही शोधात सापडतेच. त्या ओळी फक्त बॅशला कळणाऱ्या असतील तर त्या .प्रोफाइलमध्ये नेऊ नयेत, कारण ती फाइल दुसरे शेलही वाचू शकतात. अशा वेळी .बॅश_प्रोफाइल राहू द्यावी आणि तिच्या पहिल्या ओळीत टिंब, जागा व ~/.प्रोफाइल एवढे लिहावे. मग .प्रोफाइल वाचली जाईल आणि ती .बॅशआरसी वाचेल. खबरदारी म्हणून .बॅश_प्रोफाइलमधून .बॅशआरसीही वेगळी बोलावू नये, नाहीतर ती दोनदा वाचली जाऊन पाथमध्ये त्याच डिरेक्टऱ्या पुन्हा जोडल्या जातील. बदल करताना चालू सत्र बंद करू नये. दुसऱ्या खिडकीतून नव्याने एसएसएच करून पाहावे. काही बिनसलेच तर 'बॅश --नोप्रोफाइल --नोआरसी' या आज्ञेने होम डिरेक्टरीतील कोणतीही फाइल न वाचता शेल मिळतो.

जाता जाता, दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात जाण्याच्या 'एसयू' आणि 'एसयू -' या आज्ञांतील फरकही हाच आहे : आडव्या रेघेसह दिलेली आज्ञा लॉगिन शेल देते, रेघेविना दिलेली देत नाही. टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडलेली प्रत्येक खिडकी नेहमीच्या मांडणीत लॉगिन शेल असते, त्यामुळे टर्मिनलमध्ये चालणारा अलियास टीमक्समध्ये हरवला अशी तक्रार असेल तरी वरचेच उत्तर लागू पडेल.

प्रश्न : मी मॅकबुक वापरते. होमब्रू या प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनाने बसवलेल्या पायथनला प्राधान्य मिळावे म्हणून ~/.झेडएसएचएन्व्ह या फाइलीत पाथच्या सुरुवातीला त्याची डिरेक्टरी जोडली, कारण झेडशेल ही फाइल नेहमी वाचतो असे वाचले होते. तरीही टर्मिनलमध्ये पाथ छापून पाहिला तर माझी डिरेक्टरी शेवटी दिसते. फाइल वाचली जाते, मग क्रम कोण बदलतो?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे आणि फाइल वाचली जात आहे, मात्र ती सर्वांत आधी वाचली जाते, आणि नंतर येणारी अॅपलची एक फाइल आपल्या पाथची फेरमांडणी करते. झेडशेलचा क्रम बॅशपेक्षा सरळ आहे : झेडएसएचएन्व्ह नेहमी, त्यानंतर लॉगिन शेल असेल तर झेडप्रोफाइल, संवादी असेल तर झेडएसएचआरसी, आणि शेवटी पुन्हा लॉगिन शेल असेल तर झेडलॉगिन. प्रत्येक पायरीवर आधी /ईटीसीमधील सामायिक फाइल आणि मग होम डिरेक्टरीतील टिंबवाली फाइल वाचली जाते. येथे 'पहिली सापडेल तेवढीच' हा प्रकार नाही, जे लागू असेल ते सर्व वाचले जाते. या बाबतीत झेडशेलची रचना मला अधिक शहाणपणाची वाटते.

मॅकवरील टर्मिनल प्रत्येक नव्या खिडकीत लॉगिन शेल उघडते, आणि मॅकवरील /ईटीसी/झेडप्रोफाइल ही फाइल पाथ_हेल्पर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवते. हा प्रोग्रॅम /ईटीसी/पाथ्स या फाइलीत आणि /ईटीसी/पाथ्स.डी या डिरेक्टरीत नोंदलेल्या डिरेक्टऱ्या पुढे घेतो आणि त्याआधी पाथमध्ये असलेले जे उरेल ते त्यांच्यामागे लावतो. आपली ओळ झेडएसएचएन्व्हमध्ये असल्यामुळे पाथ_हेल्परच्या आधी चालली आणि रांगेत मागे ढकलली गेली. तीच ओळ ~/.झेडप्रोफाइलमध्ये हलवली की ती पाथ_हेल्परनंतर चालेल आणि क्रम टिकेल. अॅपलच्या एम मालिकेतील चिप असलेल्या संगणकांवर होमब्रू /ऑप्ट/होमब्रू येथे बसते आणि इंटेल चिपच्या जुन्या संगणकांवर /यूएसआर/लोकल येथे, हेही ओळ हलवताना तपासून पाहावे.

झेडशेलने काय वाचले हे पाहण्यासाठी 'झेडएसएच -ओ सोर्सट्रेस -एल -आय -सी एक्झिट' ही आज्ञा द्यावी. वाचली जाणारी प्रत्येक फाइल ती नावानिशी छापते आणि बॅशप्रमाणे शेकडो ओळींतून नाव वेचावे लागत नाही. काहीही न वाचता झेडशेल सुरू करायचा असेल तर 'झेडएसएच -एफ' आहे. मात्र /ईटीसी/झेडएसएचएन्व्ह ही फाइल असल्यास ती तरीही वाचली जाते. झेडडॉटडिर हे व्हेरिएबल कोणी ठरवून ठेवले असेल तर टिंबवाल्या फाइली होम डिरेक्टरीऐवजी त्यात दिलेल्या डिरेक्टरीत शोधल्या जातात. म्हणून 'माझी .झेडएसएचआरसी वाचलीच जात नाही' अशा तक्रारीत तेही छापून पाहावे.

आपल्यासारखे पत्र लिहिणाऱ्या अनेकांच्या संगणकावर जुनी .बॅश_प्रोफाइलही पडून असते. २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर नव्या खात्यांचा शेल झेडशेल झाला आहे आणि झेडशेल बॅशच्या फाइली वाचत नाही. त्या फाइलीत दुरुस्त्या करण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्यांचे स्वागत व्हावे म्हणून माझ्या खात्यातील .बॅशआरसीच्या पहिल्याच ओळीत मी 'एको नमस्कार' असे लिहिले. तेव्हापासून त्या सर्व्हरवर एसएफटीपीने (एसएसएचमार्फत फाइलींची ने-आण करण्याच्या पद्धतीने) फाइली पाठवता येत नाहीत. 'मिळालेला संदेश फार लांब आहे' अशा अर्थाची सूचना आणि तीनशे शहात्तर कोटींच्या घरातील एक संख्या दिसते. एवढा लांब संदेश कोण पाठवते?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कोणीच नाही, ती संख्या म्हणजे आपलाच 'नमस्कार' आहे. एसएफटीपीचे दोन्ही टोकांचे प्रोग्रॅम एकमेकांशी ठरलेल्या साच्यात बोलतात आणि प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट त्या संदेशाची लांबी सांगतात. सर्व्हरवर तो प्रोग्रॅम सामान्यतः आपल्या खात्याच्या शेलमार्फत सुरू होतो. हा शेल संवादी नसतो आणि लॉगिनही नसतो, म्हणून पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेल्या नियमाने त्याने काहीच वाचायला नको. पण बॅशमध्ये येथे एक अपवाद आहे : आपल्याला एसएसएचसारख्या नेटवर्क सेवेने आज्ञा चालवण्यासाठी सुरू केले आहे असे त्याला आढळले तर तो .बॅशआरसी वाचतो. त्यामुळे फाइलींचे बोलणे सुरू होण्याआधी आपला नमस्कार त्याच वाहिनीतून गेला आणि समोरच्या प्रोग्रॅमने त्याचे पहिले चार बाइट लांबी म्हणून वाचले. यूटीएफ-८ मध्ये 'न' या अक्षराचे तीन बाइट असतात आणि चौथा बाइट पुढच्या 'म'चा पहिला. या चारांची मिळून होणारी संख्या ३७६८८८७५२० आहे. आपल्या पडद्यावरील संख्या हीच असेल तर निदानाची दुसरी खूण लागत नाही.

ओपनएसएसएचच्या २०२२ मधील ९.० या आवृत्तीपासून एससीपी ही फाइलींच्या प्रती पाठवण्याची आज्ञाही आतून एसएफटीपीचाच साचा वापरते, त्यामुळे तिच्यातही अशीच अडचण येईल. आरसिंक हा फाइली जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम अशा वेळी 'तुमचा शेल स्वच्छ आहे ना?' या अर्थाचा प्रश्न विचारतो, आणि तो विनोद नसून अगदी नेमका प्रश्न आहे.

डेबियन व उबुंटूच्या मूळ .बॅशआरसीच्या आरंभीच शेल संवादी नसेल तर तेथूनच परत फिरण्याची ओळ असते. आपली ओळ तिच्याही वर लिहिली गेल्यामुळे ते संरक्षण मिळाले नाही; ती खाली नेली की अडचण दूर होईल. परंतु स्वागताचा मजकूर .बॅशआरसीत मुळात नसावाच, असे माझे मत आहे. तो सर्वांसाठी असेल तर /ईटीसी/एमओटीडी या फाइलीत लिहावा. ती फाइल याच कामासाठी आहे आणि फाइलींची ने-आण करताना ती मध्ये येत नाही.

प्रश्न : हाताने चालवल्यावर बिनचूक चालणारी माझी बॅकअपची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालत नाही, आज्ञा सापडत नाही असे म्हणते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला .बॅशआरसी बोलावूनही उपयोग झाला नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : क्रॉन लॉगिन करत नाही आणि संवादही करत नाही, म्हणून आपल्या होम डिरेक्टरीतील कोणत्याही फाइलीशी त्याचा संबंध येत नाही. डेबियन व उबुंटूवर तो प्रत्येक काम /बिन/एसएचकडे सोपवतो आणि पाथमध्ये /यूएसआर/बिन व /बिन एवढेच देतो. तेथील /बिन/एसएच हा बॅश नसून डॅश नावाचा लहान शेल आहे (उबुंटूमध्ये २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून), त्यामुळे क्रॉनच्या ओळीत बॅशची खास लेखनपद्धती वापरली असेल तर तीही नाकारली जाते. .बॅशआरसी बोलावण्याचा उपयोग झाला नाही, कारण मागच्या उत्तरात सांगितलेली परत फिरण्याची ओळ येथेही लागू होते : स्क्रिप्टचा शेल संवादी नसल्यामुळे फाइल उघडली जाते आणि पहिल्या काही ओळींतच सोडून दिली जाते.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा पूर्ण पत्ता असावा आणि पाथ स्क्रिप्टमध्येच किंवा क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी असलेल्या फाइलीच्या, आरंभी स्पष्ट लिहावा. क्रॉनटॅबमध्ये लिहिताना डॉलरचिन्हाने दुसरे व्हेरिएबल वापरू नये. तेथे ते उलगडले जात नाही आणि अक्षरशः तसेच राहते, म्हणून पूर्ण पत्ते द्यावेत. त्यानंतरही शंका उरली तर क्रॉनला एकदा 'एन्व्ह' एवढीच आज्ञा चालवायला लावून तिचे उत्तर एका फाइलीत साठवावे, आणि आपल्या टर्मिनलमधील त्याच आज्ञेच्या उत्तराशी ते ओळीने ताडून पाहावे.